जावयाची वर्दी आणि चवथीचा मेसेज

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. "जोडीदार परदेशी असेल तर लग्नाचा दाखला दाखवा, व्हिसा लागत नाही. दोन वर्षं झाली की ओसीआय आपोआप मिळतं. घरच्या माणसाची पोलिसांत वर्दी द्यावी लागत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याच्या बायकोला युरोप मोकळा. सर्वांना पाठवा." माझा नवरा जर्मन, त्यामुळे चार जण तरी तो मला वेगळा पाठवतात, मोठ्या आनंदाने.

दाखल्याचं आधी. नेपाळ-भूतानसारखे अपवाद सोडले तर परदेशी पासपोर्टला भारतात यायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना आणि भारतीयांच्या जोडीदारांना मिळणारं, व्हिसाऐवजी चालणारं कार्ड) लागतंच, मग जोडीदार कुणाचाही असो. गोव्यातल्या मोपा-दाबोळी विमानतळांपर्यंत गोष्ट येतच नाही. तिकडे चेक-इनलाच अडवतात, कारण बिनव्हिसाचा प्रवासी आणला तर दंड विमान कंपनीला होतो. चवथीपुरतं यायचं तर ई-टूरिस्ट व्हिसा पुरतो, आपल्या दोन्ही विमानतळांवर चालतो. अर्ज मात्र किमान ४ दिवस आधी करायचा, आणि सरकारच्याच साइटवर, जिचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट्स दुप्पट-तिप्पट पैसे उकळतात. लांब राहायचं असेल तर भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठी एन्ट्री व्हिसा असतो, एक्स-२ प्रकारातला. लग्नाचा दाखला उपयोगी पडतो तो त्या अर्जाला.

ओसीआयबद्दलचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरंच जास्त घोळ घालतं. १९५५च्या नागरिकत्व कायद्यात अट आहे ती अशी: लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. म्हणजे दोन वर्षांनी अर्ज करण्याचा हक्क मिळतो, कार्ड नव्हे. त्यानंतर सुरक्षा तपासणी होते, तिला लागायचा तो वेळ लागतो. अर्जदार स्वतः, त्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असले तर ही वाटच बंद.

आता गोव्यातली गोम. आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही आणि मग दुसरी सही झाल्याशिवाय लग्न कागदावर येत नाही. आमचं लग्न देवळात लागलं डिसेंबरात, पण नवऱ्याकडची कागदपत्रं अपोस्टिल होऊन (म्हणजे परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का बसून) यायला उशीर झाला आणि दुसरी सही पडली एप्रिलात. मी भाबडेपणाने मुहूर्तापासून दोन वर्षं मोजत बसले होते!

कार्ड आलं तरी मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (कुळागराची, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेची, स्वप्नं पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं), आणि घटस्फोट झाला तर लग्नावर मिळालेलं कार्ड रद्द होतं. नवा पासपोर्ट काढला की तो अपलोड करून लग्न अजून टिकून असल्याचं लिहूनही द्यावं लागतं. नागरिकत्व याहून लांबचं. जोडीदाराला त्यासाठी आधी भारतात ७ वर्षं वास्तव्य लागतं.

वर्दीचा मुद्दा थोडक्यात. परदेशी नागरिकाला राहायला जागा दिली की २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं, ज्याला आपण सी-फॉर्म म्हणतो. हॉटेलांइतकंच ते खाजगी घरांनाही लागू आहे. "सासऱ्याच्या घरी जावयाची पोलिसांत वर्दी?" म्हणून आमचे बाबा दोन दिवस फुरंगटून बसले होते. एन्ट्री व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर सहसा आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणीही करावी लागते. व्हिसावर तसा शेरा असतो, तो नीट वाचावा.

राहिला पोर्तुगालचा मुद्दा. इथे आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे मडगावात जन्मलेला माणूस पोर्तुगीज झाला की आपल्याच घरात तो परदेशी जोडीदार ठरतो. त्याने ओसीआय मूळच्या भारतीयत्वावर मागावं. दोन वर्षांची अट लागत नाही आणि संसार मोडला तरी कार्ड शाबूत राहतं.

त्याच्या भारतीय बायकोला युरोप मोकळा नाही, सोपा आहे. नवऱ्याबरोबर फ्रान्सला किंवा स्पेनला जायचं तर २००४च्या युरोपीय निर्देशानुसार तिचा व्हिसा लवकर आणि बिनशुल्क व्हायला हवा. पण व्हिसा घ्यावा लागतोच, तिच्याकडे युरोपीय देशाने कुटुंबीय म्हणून दिलेलं निवासकार्ड नसेल तर. आणि इंग्लंडात स्विंडनला दिराकडे जायचं असेल तर यातलं काहीच चालत नाही. ब्रिटन २०२०मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडला. एप्रिल २०२५पासून पोर्तुगीज नवऱ्यालाही तिथे जाण्याआधी ऑनलाइन ईटीए (प्रवासाचा आगाऊ परवाना) काढावा लागतो, आणि बायकोने पूर्ण व्हिसाच काढायचा, आपल्या पासपोर्टवर, आपल्या पैशांनी.