पैठणी या नावाची राखण कोण करणार?

भाचीच्या लग्नात घेतलेली पैठणी यंत्रमागावरची निघाली. दुकानदाराने ‘अस्सल येवल्याची, हातमागाची’ म्हणून दिली होती आणि पैसेही तसेच घेतले होते. घरी आल्यावर आत्याने पदर उलटा केला, तर मागच्या बाजूला धाग्यांची कापलेली टोकं. हातमागाच्या पैठणीत रंगीत बाणा, म्हणजे आडवे धागे, एकमेकांत अडकवून नक्षी विणतात, त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. आत्याला पुढे काही बघावं लागलं नाही.

मग घरच्या ग्रुपवर दोन दिवस वाद झाला. एक बाजू म्हणत होती, लोकांना कलेची कदर उरली नाही, म्हणून विणकर देशोधडीला लागतोय. दुसरी बाजू म्हणत होती, यंत्रावरच्या साडीमुळे निदान चार बायकांना पैठणी नेसायला मिळते, त्यात वाईट काय? दरवर्षी 7 ऑगस्टला, राष्ट्रीय हातमाग दिन आला की, वर्तमानपत्रांतही हेच दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. मी गेली 14 वर्षं एडिंबरात राहते. इथे राहून जे पाहिलं त्यावरून मला वाटतं, दोन्ही पक्ष चुकीच्या जागी भांडताहेत. प्रश्न ग्राहकाच्या रसिकतेचा नाही. पैठणी हा शब्द कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न आहे.

स्कॉटलंडच्या वायव्येला लुईस आणि हॅरिस ही बेटं आहेत. तिथलं लोकरी कापड म्हणजे हॅरिस ट्वीड. दोन वर्षांपूर्वी अलापूलहून बोटीने लुईसला गेले होते. वाऱ्याने झोडपलेलं एक गाव, घराशेजारी पत्र्याची शेड आणि आतून खडखडाट. येवल्यातल्या आत्याच्या गल्लीची आठवण झाली, फक्त तिथला खड्डामागाचा, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागाचा, आवाज मऊ आहे आणि हा लोखंडी. विणकर पायाने पेडल मारत होता, मागाला वीज नव्हती. सूत गिरणीतून येतं, विणलेला तागा, म्हणजे कापडाची लांब गुंडाळी, घराबाहेर ठेवला की गिरणीची गाडी उचलून नेते, आणि धुणं, दाबणं तिकडे होतं. शेवटी तपासनीस ताग्यावर शिक्का मारतो. हा शिक्का 1911 पासून मारला जातोय.

त्या शिक्क्यामागे ब्रिटिश संसदेचा 1993 चा कायदा आहे. त्याचा गाभा एका वाक्यात मावतो: लोकर शुद्ध आणि नवी, ती याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली, कापड बेटांवरच्या रहिवाशांनी आपापल्या घरी हाताने विणलेलं आणि शेवटची प्रक्रियाही तिथेच झालेली. यातली एक अट मोडली तर तुमचं कापड कितीही सुरेख असो, त्याला हॅरिस ट्वीड म्हणता येत नाही. आणि या नावाची राखण करण्यासाठी त्याच कायद्याने एक स्वतंत्र मंडळ स्थापन केलं. नावाची पत राखणं हे त्या मंडळाचं कर्तव्यच आहे आणि गैरवापर दिसला की ते दावा लावू शकतं.

आपल्याकडे कायदे कमी आहेत का? मुळीच नाही. कापडाचे काही प्रकार फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा 1985 चा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने तो 1993 मध्ये उचलून धरला. पैठणीला 2010 पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता यावं अशी सरकारी नोंद. खोटं मानांकन लावणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. हातमागाचं चिन्ह वेगळं, रेशमाचं वेगळं, 2015 पासून सरकारी हातमाग ब्रँडचं आणखी वेगळं. पण ही चिन्हं घ्यायची की नाही हे विकणाऱ्याच्या मर्जीवर. चिन्ह नसलं म्हणून साडीला पैठणी म्हणायचं कुणी थांबत नाही. यंत्रमागावरच्या साडीसाठी ‘सेमी पैठणी’ हा शब्द तर इतका रुळलाय की त्यात काही वावगं आहे असंही कुणाला वाटत नाही.

आणि दावा लावायचा कुणी? घरात दोन माग असलेल्या येवल्याच्या विणकराने? महिना-महिना एका साडीवर बसायचं, रेशीम आणि जरीचा धागा व्यापाऱ्याकडून उचलायचा, साडी उतरली की त्यालाच द्यायची आणि मजुरी घ्यायची. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशभरात सुमारे 35 लाख विणकर आणि पूरक कामगार मोजले गेले, आणि दोन तृतीयांश घरांचं महिन्याचं उत्पन्न 5 हजार रुपयांच्या आत निघालं. या माणसाने वकील करायचा? त्यातच जुलै 2020 मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त झालं. ते मंडळ फार काही करत होतं असं नाही, पण विणकराला दिल्लीत बसायला निदान एक खुर्ची होती.

हॅरिसचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. 2006 मध्ये बेटांवरची सर्वांत मोठी गिरणी एका उद्योजकाने घेतली आणि हजारो नक्ष्या गुंडाळून चारच ठेवल्या. कित्येक विणकरांचे माग थांबले. नावाला संरक्षण होतं, रोजगाराला नव्हतं. दुसऱ्या गिरणीत पुन्हा काम सुरू झालं म्हणून धंदा सावरला. येवल्यात व्यापारी जे करू शकतो ते तिथे गिरणी करू शकते, हे विसरून चालणार नाही.

तरी एक गोष्ट त्यांनी फार शहाणपणाने केली. काय हाताने व्हायलाच हवं आणि काय यंत्राने चालेल, हे त्यांनी एकदा ठरवून टाकलं. 1934 पासून सूत गिरणीत कातायला परवानगी मिळाली. विणणं मात्र हाताचंच राहिलं. आपल्याकडे 12 व्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी हातमागाच्या व्याख्येत अशी सूट सुचवली गेली होती की एखादं काम हाताने झालं तरी मागाला हातमाग म्हणावं. विणकर संघटनांनी विरोध केला आणि तो योग्यच होता. सूट द्यायची तर रीळ भरण्यात द्या, ताणा म्हणजे उभे धागे लावण्यात द्या. पदरावरचा मुनिया पोपट आणि असावली फुलांची वेल ज्या हातांनी तिल्ल्या, म्हणजे रंगीत धाग्यांची छोटी रिळं, फिरवत उमटतात, तिथे नको.

यंत्रमागाच्या साडीवर माझा राग नाही. येवला ज्या नाशिक जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात मालेगाव आहे, तिथल्या कित्येकांची पोटं यंत्रमागावरच आहेत. ती साडी स्वस्त असावी, खूप खपावी, पण तिला स्वतःचं नाव असावं. भाचीला तीच साडी त्या दुसऱ्या नावाने, योग्य किमतीत मिळाली असती तर तिने आनंदाने नेसली असती.

मला वाटतं येवल्यातच एक कचेरी हवी. साडी मागावरून उतरली की आधी तिथे जावी, पदराच्या टोकाला क्रमांकाचा शिक्का बसावा, आणि शिक्का नसलेल्या साडीला पैठणी म्हणून विकणाऱ्यावर त्या कचेरीनेच खटला भरावा. खर्च शिक्क्याच्या शुल्कातून निघावा, हॅरिसचं मंडळ तसंच चालतं. आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण तिथे बसणार कोण? परीक्षा देऊन आलेला साहेब? त्याला पदर उलटून काय बघायचं ते कळेल का?” मग गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या विणकरांची नावं तिने सांगितली. त्यांची नजर अधू झालीये, आता विणवत नाही, पण बोटांना सगळं कळतं.