विंचवाचं बिऱ्हाड

ज्या सोसायटीत मी अकरा वर्षं राहतोय, तिथल्या वॉचमन मामांनी पाडव्याच्या दिवशी मला गेटवर अडवलं आणि विचारलं, "कुठल्या फ्लॅटची डिलिव्हरी?"

गाडीला झेंडूचा हार होता. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. शेजारी बायको ठेवणीतली साडी नेसून, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसली होती. मी काच खाली केली. "मामा, मी आहे. चारशे दोन." मामांनी मान वर केली, आणखी थोडी वर केली, तेव्हा कुठे त्यांना मी दिसलो.

"अरे साहेब, तुम्ही होय! मला वाटलं कुणाचं तरी सामान आलं."

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "सामानच आहे. उतरवून घ्या."

आईचं चुकलं नव्हतं. जुन्या गाडीत आबांना बसवणं म्हणजे विहिरीत पोहरा सोडणं होतं आणि बाहेर काढणं म्हणजे तो ओढून वर घेणं. नव्या गाडीत सगळं उलट. आता त्यांना खालून वर चढवायचं असतं. त्यासाठी आईने बाथरूममधलं निळं प्लास्टिकचं स्टूल कायमचं गाडीला देऊन टाकलंय. आबा चढले की स्टूल मागे टाकायचं, मुक्कामी पोचलं की ते आधी काढून आणायचं. तोवर आबा उघड्या दारात पाय खाली सोडून, ओट्यावर बसावं तसे, येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा मारत बसतात. आमच्या पिकअपबद्दल घरातलं पहिलं चांगलं मत त्यांचंच: "इथून सगळं दिसतं."

त्याआधी नऊ वर्षं मी स्पोर्टी गाडीवाला होतो. अबार्थ पुंटो. घराणं इटालियन, पण जन्म आपल्या रांजणगावचा, अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या गावचा. २०१५ साली ती बाजारात आली तेव्हा मी चाळिशीच्या उंबरठ्यावर होतो, म्हणजे माणूस या असल्या गोष्टी करतो त्याच वयात. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ घोडे, शून्यावरून शंभरावर ८.८ सेकंदांत. हा आकडा तपासून पाहण्याइतका मोकळा रस्ता मला कर्वे रोडवर कधी मिळाला नाही, पण तो आकडा आपल्याकडे आहे, या भावनेने मी दुसऱ्या गिअरमध्ये नळ स्टॉप ओलांडत असे. नाकावर विंचवाचं चिन्ह. हा ब्रँड ज्याने १९४९ साली सुरू केला त्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक, म्हणून विंचू. हे मी मोठ्या अभिमानाने आईला सांगितलं, तर तिने विचारलं, "नक्षत्र कुठलं?"

गाडी रविवारी पहाटे साडेपाचला ताम्हिणीच्या रस्त्यावर काय धावायची, ते मी इथे लिहीत बसत नाही, कारण लिहायला घेतलं तर रडू येईल. उरलेले सहा दिवस मी स्पीडब्रेकरशी वाटाघाटी करत होतो. पुण्यातला स्पीडब्रेकर हा ज्याने घातला त्याच्या त्या दिवशीच्या रागाएवढा उंच असतो. गाडीचं पोट आणि रस्ता यांत अंतर १५५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. मग आधी एक चाक, मग दुसरं, गाडी तिरकी, श्वास रोखलेला, केकवर सुरी टेकवावी तसं अलगद. एकदा पौड रोडच्या आतल्या गल्लीत माझं हे चाललेलं असताना एक आजोबा चालत मला ओलांडून गेले आणि जाताना विचारते झाले, "पळते का पण?"

तरीही मी ती विकली नसती. घात अंजिरांनी केला.

माझी सासुरवाडी सासवडजवळची. पुरंदरच्या अंजिरांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि सासऱ्यांच्या मते ते त्यांची बाग बघूनच दिलंय. मागच्या एप्रिलमध्ये त्यांनी मीठ्या बहाराचे तीन क्रेट आमच्याबरोबर दिले. दोन मागच्या सीटवर, एक बायकोच्या मांडीवर. आता दिवे घाट उतरताना समोर रस्ता मोकळा आणि हातात ही गाडी असेल, तर माणसाने काय करायचं? मी वळणांना न्याय दिला. हडपसरला पोचेपर्यंत मागच्या सीटवर जॅम झाला होता. पिकलेल्या अंजिराचा रस शिलाईतून आत गेला की तो गाडीचाच भाग होतो, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी अनुभव घेऊ नये. पुढच्या खेपेला सासऱ्यांनी दार उघडून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, ही गाडी आहे का चप्पल? एकट्यानेच घालायची."

जुनी गाडी पिंपळे सौदागरच्या एका पोराने नेली. तो विंचवावरून हात फिरवत होता तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं.

आली ती इसुझूची व्ही-क्रॉस. तिकडे आंध्रात श्रीसिटीला बनते. स्कॉर्पिओचीसुद्धा एके काळी पिकअप यायची, गेटअवे नावाची. ती घेतली असती तर विंचू गेला आणि विंचूच आला असं झालं असतं, पण एवढा योग आमच्या पत्रिकेत नव्हता. घोडे कमी झाले नाहीत, उलट १६० च्या पुढे गेले. पण पूर्वी ते टांग्याला होते, आता नांगराला आहेत. मागच्या मोकळ्या जागेला हौदा म्हणायचं आणि मागच्या दाराला फाळका, हे मला शोरूमने सांगितलं नाही, मार्केट यार्डातल्या हमालाने सांगितलं.

पूजेला जुन्या सवयीने रांजणगावलाच गेलो. दर्शन झालं, नारळ वाढवला, दुसरा प्रसादाचा म्हणून मिळाला तो मी हौद्यात टाकला. पुंटोत मी तो मागच्या सीटवर टाकत असे, त्याच हाताने, त्याच बेफिकिरीने. नगर रोडने वाघोलीपर्यंत आलो आणि वाघोलीला जे होतं ते झालं: दहा फूट गेलं की ब्रेक. ब्रेक लागला की नारळ गडगडत पुढे येऊन धाडकन आदळायचा. गाडी निघाली की गडगडत मागे जाऊन फाळक्यावर आदळायचा. खराडीपर्यंत तीन दुचाकीवाल्यांनी काचेवर टकटक करून सांगितलं, "काका, तुमच्या गाडीचं काहीतरी सुटलंय." तिसऱ्याला बायको म्हणाली, "हो, यांचं."

पिकअप रिकामी चालवणं हा एक स्वतंत्र छळ आहे. मागे स्प्रिंगचे पाटे असतात, ओझं वाहायला बनवलेले. ओझंच नसेल तर ते दबतच नाहीत आणि खड्डा आला की गाडीचा मागचा भाग लग्नात नाचणाऱ्या मामासारखा आपापला उडतो. माल भरला की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. सासऱ्यांनी यावर उपाय म्हणून शेणखताची सहा पोती हौद्यात टाकून दिली. गाडी शांत झाली. पण आमच्या सोसायटीत गच्चीवर बाग करणाऱ्या नऊ बायका आहेत, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. रविवारी सहा पोती, मंगळवारी चार, गुरुवारी एक, आणि शुक्रवारी मी परत उडत ऑफिसला. आता दर रविवारी डबे घेऊन त्या खाली उभ्याच असतात. एकीने गेल्या आठवड्यात तक्रार केली की या वेळचं नीट कुजलेलं नव्हतं.

रिव्हर्स घेताना बायको खाली उतरते. पहिल्या आठवड्यात ती नुसती "येऊ दे, येऊ दे" म्हणायची. मग मार्केट यार्डात तिने टेम्पोच्या क्लीनर पोरांकडून खरी विद्या उचलली: पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. एवढ्या वर्षांच्या संसारात मला थांबवायला तिला पुष्कळ शब्द खर्चावे लागत. आता एका थापेत काम होतं.

पार्किंगचा विषय सेक्रेटरी काकांनी काढला. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे तेरीज जुळेपर्यंत ते उठत नाहीत. एका सकाळी टेप, वही आणि खडू घेऊन ते माझ्या स्लॉटमध्ये उकिडवे बसले होते.

"स्लॉट पाच मीटर," ते म्हणाले. "आपलं वाहन पाच मीटर एकोणतीस सेंटीमीटर पाच मिलिमीटर."

"म्हणजे फूटभर बाहेर आहे," मी समजूतदारपणे म्हणालो.

"फूट साडेतीसचा असतो. मी कुणाच्या नावावर वाढवून लिहीत नाही."

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली: 'काही वाहनांची शेपटे सामाईक जागेत येत आहेत. संबंधितांनी ती आवरावीत.' नाव कुणाचंच नव्हतं. सोसायटीत पिकअप एकच आहे.

पण खरी परीक्षा पेठेत झाली. चष्मा आणायला लक्ष्मी रोडला गेलो होतो. पेठेत गाडी नेऊ नये हे मलाही कळतं, पण बाहेर ऊन होतं आणि अंगात आळस होता. नारायण पेठेत एका गल्लीत जागा दिसली. सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. मी पाटी दोनदा वाचली, तारीख तपासली, बाजू बरोबर होती. सगळं बरोबर असूनही जागा रिकामी, इथेच मला संशय यायला हवा होता. वीस मिनिटांनी नवा चष्मा लावून परत आलो तर माझ्या हौद्यात एक लोखंडी कपाट. दोन हमाल त्याला दोर बांधत होते आणि एक गृहस्थ छत्रीने खुणा करत होते.

"होतात कुठे तुम्ही? साडेदहाची वेळ ठरली होती."

"अहो, ही माझी गाडी आहे."

"मग दुसऱ्या कुणाची असणार? आठशे ठरलेत. वर एक पैसा मिळणार नाही."

"ही भाड्याची नाही हो. नंबरप्लेट बघा, पांढरी आहे."

ते वाकले. प्लेट नीट पाहिली. "पुसली असेल," म्हणाले.

एवढ्यात मागे पाच रिक्षा आणि एक पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला आणि सगळ्यांनी मिळून हॉर्न धरला. कपाट उतरवायचं तर पाऊण तास, न्यायचं तर आत्ता. हमालांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने चढून बसलो. गृहस्थ शेजारी आले. पट्टा लावला, समोरचा स्क्रीन पाहिला आणि म्हणाले, "टेम्पोत टीव्ही! म्हणूनच भाडी वाढलीत." वारज्यापर्यंत त्यांनी मला रस्ता सांगितला. मला रस्ता माहीत होता. पुलावर मी जरा ॲक्सिलरेटर दाबला, जुन्या आठवणीने, तर छत्री माझ्या गुडघ्यावर टेकली. "कपाटाला आरसा आहे."

उतरवल्यावर मी पैसे घेतले नाहीत. इथे मामला बिघडला. "का घेत नाही?" त्यांनी डोळे बारीक केले, कपाट रस्त्यातच उघडलं, आतले तिन्ही खण ओढून पाहिले, चोरकप्पा चाचपला. सगळं जागच्या जागी होतं, त्याने त्यांचा संशय आणखीच वाढला. शेवटी म्हणाले, "सातशे घ्या. आठशे मलाही जास्तच वाटत होते." मी हात जोडले. मग त्यांनी खिशातून डायरी काढली. "नंबर देऊन ठेवा. पुढच्या महिन्यात फ्रिज आहे."

मी दिला. का दिला, हे बायको अजून विचारते.

शाळेत 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' याचा वाक्यात उपयोग करायला सांगायचे आणि मी दरवर्षी भटक्या मेंढपाळावर वेळ मारून न्यायचो. नऊ वर्षं विंचू नाकावर मिरवला, तेव्हा बिऱ्हाडाला जागा नव्हती. आता विंचू गेलाय आणि पाठीवर मेहुण्याची वॉशिंग मशीन, तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची गादी, भाच्याची हॉस्टेलची ट्रंक आणि ते निळं स्टूल. फ्रिजही पोचला. लिफ्ट बंद होती.

अनंत चतुर्दशीला सकाळी नऊ वाजता बेल वाजली. दारात सेक्रेटरी काका, कपाळाला गुलाल, हातात वही नाही.

"टेम्पोवाल्याने ऐनवेळी टांग दिली," ते म्हणाले. "तर म्हटलं, आपली गाडी आहेच."

'आपलं वाहन'वरून 'आपली गाडी' झालेली मी ऐकली, पण सणासुदीचं कोण बोलणार. हौदा धुतला, सतरंजी घातली. नऊ बागवाल्या बायकांनी झेंडूच्या माळा सोडल्या. मधोमध गणपती, भोवती पोरं, एक ढोल, दोन ताशे. मूर्ती धरून बसायला जाणतं माणूस हवं, म्हणून काका स्टूलावर पाय ठेवून वर चढले. आत जागा उरली नव्हती. मग फाळका खाली पाडला आणि काका त्याच्या कडेला बसले, एक हात मागे पाटाला, पाय बाहेर लोंबकळत.

मी आरशात पाहिलं. "काका, तुमचे पाय बाहेर येतायत."

"किती?"

"फूटभर."

काकांनी वाकून पाहिलं. "साडेतीस नसेल," म्हणाले. "चालेल."

बायकोने पत्र्यावर दोन थापा मारल्या.