लॉडविक पॉइंटच्या वाटेवरील झुडूप : जांभूळ की अंजनी?

सप्रेम नमस्कार.

महाबळेश्वरला लॉडविक पॉइंटकडे जाणाऱ्या वाटेवरील एका सदाहरित झुडपाला मी माझ्या लेखात अंजनी म्हटले, त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. मोबाइलमधील ॲपने माझ्याच छायाचित्रावरून जांभूळ हे नाव दिले, हा पहिला. अंजनीच्या कुलातील वनस्पतींच्या पानांवर देठापासून निघणाऱ्या ठळक उभ्या शिरा असतात आणि या पानांवर तशा शिरा दिसत नाहीत, हा दुसरा. फूल नसताना जातीपर्यंत नाव सांगणे म्हणजे केवळ अंदाज, हा तिसरा. यांपैकी दुसरा आक्षेप सर्वांत अभ्यासपूर्ण असल्यामुळे आधी त्याचाच विचार करतो.

आपण सांगता तो शिरांचा नियम त्या कुलाला बहुतांशी लागू पडतो. थंड हवेच्या ठिकाणी बंगल्यांच्या बागांतून लावलेली जांभळ्या फुलांची टिबुचिना पाहिली, की पानाच्या बुडापासून टोकापर्यंत कमानीसारख्या गेलेल्या शिरा लांबूनही ओळखू येतात. अंजनीची प्रजाती (म्हणजे एकमेकींना जवळच्या जातींचा गट) मेमेसिलॉन या नियमाला ठळक अपवाद आहे. तिच्या पानात मधली शीर तेवढी स्पष्ट असते. बाजूच्या शिरा जाड, चिवट पानात इतक्या दडलेल्या असतात की पृष्ठभाग जवळजवळ सपाट वाटतो. याच आणि अशाच काही फरकांमुळे काही वनस्पतिशास्त्रज्ञ या प्रजातीसाठी वेगळे कुल मानतात. त्यामुळे ठळक शिरांचा अभाव हा अंजनीच्या विरोधातला पुरावा ठरत नाही, उलट तो तिच्या बाजूचाच पुरावा आहे.

आता जांभूळ. ॲपची चूक समजण्यासारखी आहे, कारण त्याच्यापुढे होती ती एका पानाची बाह्यरेषा आणि चकाकी. समोरासमोर येणारी, अखंड कडांची, चामड्यासारखी चकचकीत पाने दोन्ही झाडांना असतात. पानाच्या लांबीवरून निवाडा करावा म्हटले तर तेही जमत नाही. जांभळाचे पान सहसा मोठे असले, तरी कड्याच्या टोकाशी वाऱ्याने खुरटलेल्या जांभळाची पानेही बरीच लहान राहतात. निवाडा करायचा तो पान हातात घेऊनच. जांभळाचे पान उन्हाकडे धरून भिंगातून पाहिले, तर तेलग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, मधल्या शिरेपासून निघालेल्या असंख्य समांतर शिरा कडेलगतच्या एका शिरेला जाऊन मिळताना दिसतात, आणि पान चुरडले की उग्र वास येतो. मी पाहिलेल्या झुडपाच्या पानात ठिपके नव्हते, शिरांची ती दाट ओळ नव्हती आणि चुरडल्यावर ओल्या पाल्याच्या वासापलीकडे काहीही नव्हते. यांपैकी एकही गोष्ट छायाचित्रात उतरत नाही, हे मात्र खरे.

शिवाय एक पुरावा असा, की ज्याचा उल्लेख मूळ लेखात विस्ताराच्या भीतीने गाळला होता. झाडाखाली गळलेली काही पाने मी वर्तमानपत्रात दाबून ठेवली होती. जांभळाचे पान वाळताना तपकिरी होते. ही पाने वाळली ती पिवळसर हिरवी. मेमेसिलॉन प्रजातीची झाडे जमिनीतील ॲल्युमिनियम पानांत साठवतात आणि वाळलेल्या पानांचा हा रंग त्याच्याशी निगडित मानला जातो. अंजनीची पाने कापड रंगवताना रंग पक्का करण्यासाठी तुरटीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या, जागी वापरली जात, त्याचेही कारण हेच. वनस्पतिसंग्रहालयांतील जुन्या नमुन्यांतही हा रंग चटकन नजरेत भरतो. निष्पर्ण फांदी हाती आली तर मात्र याचा काही उपयोग नाही.

फुलांविषयी आपले म्हणणे तत्त्वतः योग्य आहे. अंजनीची चार पाकळ्यांची, आठ पुंकेसरांची निळी-जांभळी फुले साधारणतः उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. जांभळाची फुले पांढरट असून त्यांत पुंकेसर असंख्य असतात, तेव्हा फुललेल्या झाडावर वाद उरतच नाही. तथापि न फुललेले झाडही अगदी मुके नसते. अंजनीला फुले येतात ती जुन्या फांद्यांच्या पेरांवर, वर्षानुवर्षे त्याच जागी, आणि म्हणून ती पेरे फुगून गाठाळ होतात. जांभळाचा मोहोरही पुष्कळदा पानांखालच्या उघड्या फांदीवर येतो, परंतु तो फाटे फुटलेला, पसरट असतो आणि त्याच्या मागे अशा गाठी राहत नाहीत. मी पाहिलेल्या झुडपाच्या खालच्या फांद्यांवर या गाठी ओळीने होत्या. दोन देठांच्या मधोमध उपपर्णांची (देठाच्या बुडाशी येणाऱ्या चिमुकल्या पानांची) खूण नव्हती, म्हणून कदंब कुलातील झुडपे बाद झाली. पान तोडल्यावर चीक आला नाही, म्हणून करवंद बाद झाले. पाने समोरासमोर होती, म्हणून रामेठा बाद झाला. महाबळेश्वरच्या सदाहरित रानात अंजनी, जांभूळ आणि पिसा या तिघांचेच प्राबल्य आहे, आणि पिशाची पाने फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात, तेव्हा तोही प्रश्न मिटला.

प्रजातीविषयी त्यामुळे मला शंका नाही. जातीविषयी मी लिहिलेले मेमेसिलॉन अंबेलाटम हे नाव त्या पठारावर सर्वत्र आढळणाऱ्या जातीचे आहे; दक्षिण कोकणात किंवा गोव्यात हेच झुडूप भेटले असते, तर तेथे या प्रजातीच्या इतर जातीही असल्यामुळे मी फुलांची वाट पाहिली असती. आपल्या तिसऱ्या आक्षेपाला एवढी जागा मी आनंदाने देतो.

स्वतः पडताळून पाहायचे असल्यास फांदी तोडू नये. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी गळलेल्या पानावरही पाहता येतात. आपण सोबत पाठवलेल्या तापोळा रस्त्यावरील झुडपाच्या छायाचित्रात पाने एकाआड एक आहेत, त्यामुळे ते अंजनीही नाही आणि जांभूळही नाही. त्याच्या पानाची मागची बाजू आणि देठाजवळची फांदी दिसेल असे आणखी एक छायाचित्र पाठवल्यास पुढे बोलता येईल.