“सर्व्हर लॉक विसरतो” या रिव्ह्यूला आमचे उत्तर

नमस्कार,

एक स्टार देताना तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. आमच्या एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत) सर्व्हरवर घेतलेले लॉक, म्हणजे दुसऱ्याने त्याच वेळी लिहू नये म्हणून फाइलीला लावलेली कुलपे, मध्येच गायब होतात. सपोर्टवाले सर्व्हर तपासायचा सोडून तुमच्या मशीनची नावे विचारत बसले. आणि शेवटी तुम्ही स्वतःच उपाय केलात, तर आता मशीन रीबूट झाले की दीड मिनिट फाइल अडकून राहते. त्रास झाला हे खरे, त्यावर वाद नाही. पण “सर्व्हर विसरतो” हे आम्हाला मान्य नाही. हाच घोळ इतरांकडेही होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एनएफएस ४.१ मध्ये क्लायंट (फाइली वापरणारे मशीन) पहिल्यांदा बोलतो तेव्हा सर्व्हरला दोन गोष्टी देतो : स्वतःचे ओळखनाव आणि बूट व्हेरिफायर (यावेळी मशीन सुरू झाल्याची खूण). ओळखनाव कायम तेच राहायला हवे. व्हेरिफायर दर रीबूटला बदलतो. तेच नाव नव्या व्हेरिफायरसह आले, की सर्व्हर एवढेच समजतो की हे मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झाले. मग आधीच्या उघड्या फाइली आणि लॉक धरून ठेवायचे कोणासाठी? तो ते मोकळे करतो. २०१० च्या आरएफसी (इंटरनेट प्रोटोकॉलचे नियम सांगणारा दस्तऐवज) ५६६१ मध्ये हे असेच आहे, २०२० च्या ८८८१ मध्येही.

आता तुमच्याकडे काय झाले ते बघा. वेगळे काही सांगितले नसेल तर लिनक्स क्लायंट हे ओळखनाव होस्टनेमवरून (मशीनच्या नावावरून) बनवतो. तुमची सगळी मशीन एका इमेजवरून (तयार डिस्कच्या नकलेवरून) क्लोन केलेली, आणि सगळ्यांचे होस्टनेम ‘लोकलहोस्ट’. एका म्यानात दोन तलवारी. दुसरे मशीन आले, सर्व्हरने पहिल्याचे लॉक सोडले. पहिल्याला सर्व्हरशी असलेले सेशन (जोडणी) गेल्याचे कळले, त्याने पुन्हा स्वतःची ओळख दिली, आता दुसऱ्याचे लॉक गेले. टिकिटाला तुम्हीच जोडलेल्या लॉगमध्ये ‘लॉक रिक्लेम फेल्ड’ची (लॉक परत मिळाले नाही) रांग आहे, आणि तुमच्या प्रोग्रामला आलेली आय/ओ एरर त्यातूनच आली : गमावलेल्या लॉकवर गुपचूप लिहू देण्यापेक्षा लिनक्स क्लायंट एरर देतो. माझ्या मते ते बरोबरच आहे. नाहीतर दोघांनी एकाच फाइलवर लिहिले असते आणि तुम्हाला ते महिन्याने कळले असते.

“आयपी वेगवेगळे होते, मग सर्व्हरला कळले कसे नाही?” प्रश्न रास्त आहे. पण आयपीवरून क्लायंट ओळखायचा नाही हे जाणूनबुजून ठरलेले आहे. एकाच मशीनला दोन नेटवर्क कार्ड असतात, डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणारी सोय) पत्ता बदलतो, नॅटमागे (अनेक मशीनना एकच बाहेरचा पत्ता देणारी सोय) दहा मशीन एकाच पत्त्यावरून येतात. कर्बेरोस (ओळख पक्की तपासणारी पद्धत) असते आणि प्रत्येक मशीनची प्रिन्सिपल (तिथली तपासलेली ओळख) वेगळी असती, तर सर्व्हरने दुसऱ्याला ‘हे नाव वापरात आहे’ म्हणून अडवले असते. तुम्ही साधे ऑथ-सिस वापरता, ज्यात क्लायंट सांगेल तो वापरकर्ता क्रमांक मानला जातो; तिथे दोन्हीकडून येणारा रूट (मुख्य वापरकर्ता) सारखाच दिसतो. म्हणून सपोर्टने नावे विचारली. टाळाटाळ नव्हती, निदानच तिथे होते.

दीड मिनिटाची गोष्ट याच्या बरोबर उलट टोकाची. तुमची स्क्रिप्ट दर बूटला नवीन यूयूआयडी (सहसा दुसरीकडे न सापडणारा लांब ओळख-क्रमांक) बनवून तो ओळखनावात घालते. त्यामुळे टक्कर थांबली, पण रीबूट झालेले मशीन सर्व्हरला अनोळखी वाटते. जुन्या नावावरचे लॉक कोणाचे हे त्याला कळायला मार्ग नाही, म्हणून तो लीज (क्लायंटकडून काही कळले नाही तरी लॉक धरून ठेवायची मुदत) संपेपर्यंत थांबतो. आमच्याकडे लीज ९० सेकंदांची आहे; लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरची मूळ सेटिंगही तीच. ती कमी करा ही तुमची मागणी आम्ही मानणार नाही, कारण मग नेटवर्क जरा अडखळले तरी धडधाकट क्लायंटचे लॉक जातील.

“जुन्या एनएफएस ३ वर असे कधी झाले नाही” हेही बरोबर. तिथे सर्व्हर उघड्या फाइलींची नोंदच ठेवत नव्हता आणि लॉकसाठी वेगळा प्रोटोकॉल होता.

करायचे ते असे. स्क्रिप्टमधली यूयूआयडी बनवणारी ओळ काढा. प्रत्येक मशीनवर एकदाच यूयूआयडी तयार करून तो एनएफएस मॉड्यूलच्या ‘एनएफएस४ युनिक आयडी’ पॅरामीटरमध्ये कायमचा लिहून ठेवा. इमेजमध्ये मात्र लिहू नका, नाहीतर पुन्हा तेच. मशीन-आयडीवरून (लिनक्स प्रत्येक मशीनसाठी एका फाइलीत ठेवतो तो क्रमांक) बनवणार असाल तर क्लोन करण्याआधी ती फाइल रिकामी केली आहे ना ते बघा. कंटेनरमधून माउंट करत (सर्व्हरचे फोल्डर जोडत) असाल तर प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसला (कंटेनरच्या वेगळ्या नेटवर्क कप्प्याला) वेगळी ओळख लागते. हे बहुतेक जण विसरतात. आणि सगळे माउंट सोडल्याशिवाय ओळखनाव बदलू नका.

टिकिट आम्ही उघडेच ठेवले आहे. बदल झाला की त्यात लिहा. तुमच्या प्रत्येक मशीनची सर्व्हरवर वेगळी नोंद दिसते का, ते आमच्या बाजूने लगेच बघून कळवतो.