‘मांजर म्हणजे छोटा वाघ, कच्चंच मांस घाला’: या मेसेजात खरं किती?

गावोगावच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय: “मांजर म्हणजे छोटा वाघ. कच्चंच मांस द्या. पोटातलं आम्ल जंतू मारतं, उरलेले फ्रीझरमध्ये दोन दिवसांत मरतात. शिजवलं की टॉरिन (मांसातलं, मांजराला लागणारं पोषकद्रव्य) जातं.”

वाघाचंच बघू. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. संशय कोंबडीच्या मांसावर होता. पुढच्याच महिन्यात आपल्या उदगिरात मेलेल्या कावळ्यांत हाच रोग निघाला. नीट शिजवलं की हा विषाणू मरतो.

आम्ल सगळे जंतू मारत नाही. साल्मोनेला या पोटाच्या जंतूची लागण झालेलं मांजर बऱ्याचदा वरून ठणठणीत दिसतं, पण विष्ठेतून जंतू सोडत राहतं. घरातल्या लेकरांना धोका तिथून. त्यात चिकनवाल्याकडून मांजरासाठी म्हणून आतडी मागून आणतात. आतडं तर या जंतूंचं घरच! मे महिन्यात परभणीच्या उन्हात ती पिशवी तासभर लटकली की संपलंच.

फ्रीझरमध्ये जंतूंची वाढ थांबते, बहुतेक जंतू मरत नाहीत. बर्फ वितळला की पुन्हा वाढ सुरू.

टॉरिनचं म्हणणं अर्धं खरं. ते कमी पडलं तर मांजराचं हृदय आणि डोळे निकामी होतात. पण शिजवताना ते बरंचसं पाण्यात उतरतं. म्हणून बारीक तुकडे थोड्याच पाण्यात, आतला गुलाबीपणा जाईपर्यंत शिजवा आणि कोमट झाल्यावर त्या पाण्यासकट द्या.

मेसेजात नसलेली गोष्ट सगळ्यात मोठी आहे. रानमांजर उंदीर खातं तो हाडं, काळीज, रक्तासकट. नुसत्या बोनलेसमध्ये कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं. पिल्लाचे पाय वाकतात, साध्या उडीत हाड मोडतं. १ किलो मांसाला १ चहाचा चमचा अंड्याच्या टरफलाची बारीक पूड घातली तर कॅल्शियम भागतं, आयोडीन आणि जीवनसत्त्वं नाही. रोजचं पोट मांजराच्या तयार संपूर्ण खाद्यावर भरावं, शिजलेलं मांस दहावा हिस्सा.

येसर मसाला घातलेल्या रश्श्यातले तुकडे मात्र नकोत. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजलेल्या हाडाची चिरफळी आतड्यात रुतते.