कीटनचं पडणं तुकड्यांत बघू नका

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या बस्टर कीटन या मूकपटांच्या काळातल्या अमेरिकन विनोदी नटाचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे फिरतायत. माणूस धाडकन पडतो, वरून कुणीतरी 'टुंईऽऽ' असे आवाज चिकटवलेले आणि वेग दीडपट केलेला. मला मनापासून वाईट वाटतं. पाठवणाऱ्यांवर राग नाही, पण एक विनंती आहे: त्याची 1920 सालची 'वन वीक' सलग बघा. दोन रिळांची फिल्म आहे, जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांची.

नवीन जोडप्याला काका आहेरात जागा आणि घर देतो. घर खोक्यांत भरलेलं, नंबरांप्रमाणे जोडायचं. नवरीवर डोळा असलेला एकजण खोक्यांवरचे नंबरच बदलतो. मग जे वाकडंतिकडं घर उभं राहतं त्याला वरच्या मजल्यावर एक दार असतं, बाहेर थेट हवेत उघडणारं! घर बाहेरून दिसतं तेव्हाच ते दार आपल्या नजरेत भरतं. म्हणून कीटन त्यातून बाहेर पाऊल टाकतो तेव्हा हसू येतं. नुसतं पडणं बघून काय कळणार?

आणि तो शेवट. घर चुकीच्या जागेवर बांधलंय हे कळतं, कारण 66 नंबरची पाटी उलटी होऊन 99 दिसत होती. घर ओढून नेताना ते रेल्वेच्या रुळांवर अडकतं. समोरून गाडी येते. नवरा-बायको नजर फिरवतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. दोघं सुटकेचा श्वास टाकतात, आपणही टाकतो, आणि तेवढ्यात उलट दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चक्काचूर करते. घर खरं, गाडीही खरी. फिरणाऱ्या क्लिपमध्ये फक्त ही दुसरी गाडी ठेवलीय. अहो, पहिली गाडी घराला न धडकता गेली नाही तर दुसरीला अर्थच काय?

परवा आईला ही फिल्म दाखवली. संवादांऐवजी मधेमधे येणाऱ्या इंग्रजी पाट्या तिला वाचायच्या नव्हत्याच, अडलंही नाही काही. पहिल्या गाडीला तिने पदर तोंडाशी नेला, दुसऱ्या गाडीला "अगं बाई!" म्हणून माझा हातच धरला. कीटन त्या ढिगाऱ्यावर 'विकणे आहे'ची पाटी ठेवतो, दोन पावलं जातो, परत येतो आणि घर जोडायच्या सूचनांचा कागदही तिथेच ठेवून बायकोचा हात धरून निघतो. आई बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "बायको भांडली नाही रे त्याच्याशी, एकदाही."

यूट्यूबवर फुकट आहे. वेग वाढवू नका.