ब्राउझरवाल्यांना वठणीवर आणायचंय?

ब्राउझर आपल्या मागावर असतो हे कळल्यावर कंपनीला खडसवायचं ठरवलंत, उत्तम. फक्त ते पत्र त्याच ब्राउझरमध्ये टाइप करा. पाठीमागून कागाळ्या करणं ठाणेकराला शोभत नाही.

सुरुवात सौम्य असावी. सेटिंगमध्ये 'डू नॉट ट्रॅक', म्हणजे 'माझा माग काढू नका' अशी वेबसाइटींना विनंती, सापडलं तर चालू करा. नौपाड्यात फाटकाफाटकावर 'येथे गाडी लावू नये, हवा सोडली जाईल' अशी पाटी असते आणि तिलाच टेकून एक स्कूटर उभी असते. ही तसलीच पाटी, फक्त इथे हवाही कोणी सोडत नाही. बहुतेक वेबसाइटींनी ती कधी वाचलीच नाही. गाड्या हलेनात, तेव्हा 2025 मध्ये फायरफॉक्सने पाटीच काढून टाकली.

मग धीर धरा. क्रोममधून थर्ड पार्टी कुकीज (एका साइटवर तिसऱ्याच कंपनीने तुमचा माग काढायला ठेवलेल्या चिठ्ठ्या) दोन वर्षांत हद्दपार करू, असं गूगलने जानेवारी 2020 मध्ये सांगितलं होतं. मुदत वाढली, पुन्हा वाढली आणि जुलै 2024 मध्ये बेतच गुंडाळला. घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब बघत ऑफिस गाठणाऱ्याला यात नवल नाही. खांब निदान दिसतात तरी.

एवढ्यावर ऐकलं नाही तर निर्वाणीचा इशारा द्या: ब्राउझर बदलीन! एज घ्या, ऑपेरा घ्या, ब्रेव्ह घ्या, आत क्रोमियमच, म्हणजे क्रोमचाच गाभा. ए विंगला पाणी गढूळ येतं म्हणून बी विंगमध्ये राहायला जायचं. गच्चीवरची टाकी एकच. (ब्रेव्ह नळाला गाळणी लावतो, हे कबूल.)

कायदा? आहे की, वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा, 2023 चा! त्याचे नियम यायला 2025 चा नोव्हेंबर उजाडला, एवढंच. कंपनीला 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मात्र गाऱ्हाणं आधी त्या कंपनीपुढेच मांडायचं, तिथे दाद लागली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जायचं. आणि तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर तुम्हालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड. तेव्हा 250 कोटींची स्वप्नं बघताना 10,000 बाजूला काढून ठेवा.

आणि एकट्याने लढू नका. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. पार्किंग झालं, लिफ्टचं झालं, लोक चपला शोधायला लागले तेव्हा निषेधाचा ठराव एकमताने पास झाला. सह्या गोळा करायला सेक्रेटरींनी गूगल फॉर्म काढलाय. नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल, ईमेल. लाल चांदणीचे रकाने रिकामे सोडू नका, निषेध सबमिट होत नाही.